फलटणहून मिरजेकडे बघणारा संतरी

मी एक संतरी बोलतोय. उठू नका, घाबरू नका, कुठं काही बंद पडलेलं नाही. मी तोंड उघडलं की माणसं आधी दचकतात आणि मग चिडतात, म्हणून हे पहिल्यांदाच सांगून टाकलेलं बरं.

दिसायला मी अगदीच मामुली. साबणाच्या वडीएवढी पांढरी प्लॅस्टिकची डबी. पाठीला दोन वायरी, एक विजेची, एक नेटची. कपाळावर हिरवा दिवा. मुक्काम फलटण-लोणंद रस्त्याच्या कडेला असलेल्या एका घरात, धान्याच्या कोठीवर. माझ्या डाव्या हाताला बाळाच्या मालिशच्या तेलाची बाटली असते आणि उजव्या हाताला कुणालाच नको असलेली, तरी कुणीच टाकून देत नाही अशी बंद पडलेली भिंतीवरची घड्याळं.

माझं काम एकच. दर मिनिटाला मिरजेतल्या एका वेबसाइटचं दार वाजवायचं आणि विचारायचं, 'आहेस का?' तिकडून 'आहे' आलं की माझा दिवा लुकलुकतो. 'आहे' आलं नाही की मी ओरडतो.

ही वेबसाइट एका डायलिसिस केंद्राची. ज्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलेलं असतं, त्यांचं रक्त तिथं मशीनमधून धुऊन देतात. आठवड्यातून दोनदा, तीनदा. मशीनं मोजकी आणि माणसं फार, त्यामुळं कुणाला उद्या कुठल्या वेळी मशीन मिळणार ते केंद्र रोज दुपारी वेबसाइटवर टाकतं. जतकडची, कवठेमहांकाळकडची, पार अथणीकडची माणसं संध्याकाळी मोबाइलवर ते बघतात आणि मग सकाळच्या एसटीचं ठरवतात. वेबसाइट दिसली नाही तर ती अंदाजानं निघतात. आजारी माणसानं अंदाजानं प्रवास करू नये, एवढं मला डबीला पण कळतं.

आता माझ्या जन्माचं. अंग कुठल्यातरी परदेशी कारखान्यातून आलं, कुरियरवाल्यानं दारातून आत फेकलं. पण तो काही जन्म नव्हे. मला जन्म दिला तो अक्षतानं. ती या घरची सून. सांगलीला धैर्यशील म्हणून एकाची छोटी कंपनी आहे, दुसऱ्यांच्या वेबसाइट सांभाळायची. तिथं ती कामाला. तिला तेव्हा सातवा महिना होता. मांडीवर लॅपटॉप ठेवावा तर मांडी उरलेली नव्हती, म्हणून उशीला टेकून, पाय लांब करून, गुडघ्यांवर लॅपटॉप ठेवून तिनं माझ्या पोटात चार अकलेच्या ओळी लिहिल्या. बाळंतपणानंतर सांगलीला जाणं होणार नव्हतं, म्हणून मिरजेच्या वेबसाइटची राखण तिनं घरून करायची असं ठरलं होतं. आणि एका माणसाच्यानं बाळ आणि मिरज दोन्हींकडं डोळ्यांत तेल घालून बघणं होणार नाही, अशी तिला मनातून खात्री होती. तेव्हा मिरज माझ्या गळ्यात आली.

"ही डबी काय करती गं?" तिच्या सासऱ्यांनी विचारलं. आप्पासाहेब त्यांचं नाव. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिची हजेरी घेतल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

"राखण करते, मामा. मिरजेची."

"हितनं?"

"हितनं."

"म्हंजी संतरी," असं म्हणून त्यांनी मला न्याहाळलं. "उंचीत बसत न्हाई, पर चालंल."

तेव्हापासून मी संतरी.

अक्षतानं माझ्या रचनेत एक शहाणपण केलं. बघायला मला घरच्या नेटची वायर दिली आणि ओरडायला वेगळं सिमकार्ड दिलं. का? तर नेट गेलं तरी हाक मारता यावी म्हणून. ऐकायला हे किती शहाणपणाचं वाटतं! त्यातली गोम माझ्याही लक्षात आली नाही आणि तिच्याही. ती पुढं येईलच.

हाक कसली ठेवावी यावरही तिनं बराच विचार केला. साधी घंटी ठेवली आणि ऐकूच आली नाही तर? म्हणून मग तिनं साखर कारखान्याचा भोंगा ठेवला. माझी हाक तिच्या मोबाइलवर, सांगलीत धैर्यशीलच्या मोबाइलवर आणि मिरजेच्या केंद्रात वेळा लावणाऱ्या दीपमालाताईंच्या मोबाइलवर अशी तीन ठिकाणी एकदम वाजायची.

मग मुलगी झाली. यशोधरा. मी तिच्यापेक्षा दोन महिन्यांनी थोरला. एका छपराखाली आम्ही दोघं रडणारे झालो आणि दोघांचीही अडचण एकच होती, की रडता येत होतं पण काय होतंय ते सांगता येत नव्हतं. फरक इतकाच, की ती रडली की माणसं तिला उचलून घेत. मी ओरडलो की मला कुणी उचलून घेतलेलं नाही.

पहिले काही महिने ठीक गेले. मग उसाचा हंगाम लागला आणि मी ओरडत सुटलो.

पहिल्यांदा ओरडलो तेव्हा अक्षता यशूला पाजत होती. भोंगा ऐकून पोर दचकली, तोंडातलं दूध नाकात गेलं, ठसका लागला. अक्षतानं तिला तशीच सासूबाईंच्या हातात दिली आणि मोबाइलवर मिरज उघडून बघितलं. मिरज व्यवस्थित चालू. तिनं वर बघितलं, खाली बघितलं, आणि पुन्हा मिरज उघडली. चालूच.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचं नाव चंद्राबाई.

"काही नाही, आत्या. मधे पडली असेल आणि आपोआप उठली असेल."

आपोआप उठली. पुढं कितीतरी वेळा तिनं हेच वाक्य वापरलं. जेवताना, अंघोळीला पाणी काढताना, यशूला नुकतं झोपवून पाठ टेकताना. मी ओरडायचो, ती धावायची, मिरज चालू असायची. मी खोटं बोलत होतो का? नाही. त्या त्या वेळी मला मिरज खरोखरच दिसेनाशी व्हायची. दार वाजवायचो आणि उत्तर यायचं नाही. मग मी दुसरं काय समजायचं?

माणसांची एक सवय मी तेव्हा बघितली. हाक खोटी निघाली की पहिल्यांदा त्यांना हायसं वाटतं. दुसऱ्यांदा ती हसतात. तिसऱ्यांदा वैतागतात. त्यानंतर हाक कानांवर पडते, पण आत जात नाही. धैर्यशीलनं भोंग्याचा आवाज बंद केला. दीपमालाताईंनी तर माझा नंबरच गप्प करून टाकला. उरली एकटी अक्षता. तिनं आवाज बंद केला नाही, कारण ज्या दिवशी बंद करीन त्याच दिवशी खरं होईल, असं मानणाऱ्या जातीची ती आहे. झोपलेल्या मुलीच्या नाकापुढं बोट धरून श्वास चालू आहे ना बघणारी. एकदा बघून झालं की, आपण नीट बघितलं का, म्हणून पुन्हा बघणारी.

आप्पासाहेबांना माझा मनापासून कंटाळा आला होता. "आमच्या वेळंला संतरी तीन डाव हटकायचा. 'थम, कौन आता है' म्हणायचा. तिसऱ्या डावाला वळख पटली न्हाई, तर मग फुडचं. ह्यो गडी एकदाबी हटकत न्हाई. पान हाललं की गोळी!"

त्यांचं बरोबर होतं आणि ते अक्षताला आधीपासून माहीत होतं. दोनतीनदा विचारून मगच हाक मारावी, हे तिच्या धंद्यातलं पहिलं बाळकडू. पण तेवढ्या उशिरात काही झालं तर, या धास्तीनं तिनं स्वतःच ते माझ्यात घातलं नव्हतं.

तरीही हे सगळं चाललं असतं. कटकट म्हणून. पण एके दिवशी माझ्या हाकेनं खरंच नुकसान केलं.

मिरजेचा मुख्य सर्व्हर पडलाच तर असावा म्हणून एक राखीव सर्व्हर ठेवलेला होता. त्यावर आदल्या रात्रीची नक्कल असायची. हाक आली की पटकन सगळ्यांना राखीवकडं वळवायचं, असा नियम होता. त्या दुपारी मी ओरडलो आणि ओरडतच राहिलो, कारण मला बराच वेळ काही दिसलं नाही. अक्षताच्या मोबाइलवर मिरज दिसत होती. पण तिच्या मनात आलं, मला दिसतेय ती मोबाइलनं मघाशी साठवून ठेवलेली तर नसेल? माझंच चुकत असेल. संतरी एवढा ओरडतोय त्या अर्थी काहीतरी असणार. आणि तिनं सगळ्यांना राखीवकडं वळवलं.

मुख्य सर्व्हर ठणठणीत होता. आणि त्याच दुपारी केंद्रानं दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या वेळा बदलून दुपारच्या केल्या होत्या, कारण मशीनला लागणाऱ्या शुद्ध पाण्याच्या टाकीची सफाई निघाली होती. राखीववर जुन्याच वेळा होत्या. जतकडच्या कोंडीबा नावाच्या म्हाताऱ्यानं त्या बघितल्या आणि पहाटेची एसटी धरली.

"अवो मॅडम," दुसऱ्या दिवशी दीपमालाताईंचा फोन आला, "म्हातारं सकाळधरनं बाकावर बसून हाय. पाणी प्यायचंबी मोजून त्याला, अंगावर सूज हाय. मी त्याला काय सांगू? वेबसाइट घाबरली म्हणून सांगू?"

अक्षतानं माफी मागितली. फोन ठेवल्यावर ती कोठीपाशी येऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी धैर्यशीलचा फोन. माणूस वाईट नाही. वाईट बातमी मऊ आवाजात सांगतो एवढंच.

"अक्षता, तुझ्यावर राग न्हाई गं. पण हे असं किती दिवस चालवायचं? केंद्रवाले म्हणतात, तुमच्या भोंग्यापेक्षा आमचा जुना फोनच बरा होता."

"दादा, मी करते काहीतरी."

"कर की. या महिन्यात जमतंय का बघ. न्हाईच जमलं तर मिरज साईराजकडं देऊ. तो हितं ऑफिसातच असतो. तू बाळाकडं बघ निवांत."

निवांत! बाळाकडं निवांत बघणारी बाई मी अजून तरी पाहिलेली नाही. अक्षता 'हो दादा' म्हणाली. पण फोन ठेवल्यावर यशूचे कपडे घडी घालताना तिनं एकच झबलं तीनदा घडी घातलं आणि तीनदा उलगडलं. मिरज गेली तर तिच्या हाताला दुसरं काम नव्हतं. सांगलीला जाणं जमणार नव्हतं आणि घरून करण्यासारखं धैर्यशीलकडं तेवढंच एक होतं. नवरा राजरत्न लोणंदच्या कारखान्यात शिफ्टला जातो, घर चालतं, तो प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता, की आपल्याला काही येतं, हे तिला अधूनमधून स्वतःला पटवून द्यावं लागायचं आणि त्याला पुरावा म्हणून मिरज होती.

तिनं कामाला सुरुवात केली. आधी मला धीर शिकवला. 'आहेस का' विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर थोडं थांबायचं, पुन्हा विचारायचं. पुन्हा नाही, पुन्हा विचारायचं. तिसऱ्यांदाही नाही, तरच ओरडायचं. उत्तर उशिरा आलं, तर त्याला मेलं म्हणायचं नाही. म्हातारं माणूस दार उघडायला वेळ लावतं, तसं समजायचं. त्यानं माझ्या निम्म्या हाका बंद झाल्या.

पण उरलेल्या निम्म्या तशाच. तीनदा विचारून, धीर धरून, मी तसाच ओरडत होतो. अक्षता रोज माझ्या पोटातल्या ओळी वाचायची. प्रत्येक ओळीवर बोट ठेवायची. चूक आपल्या हातची आहे हे तिनं गृहीतच धरलं होतं. फक्त ती कुठं आहे ते तिला सापडत नव्हतं.

मग ती सकाळ आली. थंडीचे दिवस. अक्षता मागच्या अंगणात दुपटी धूत होती. नळाचं पाणी हाडं गोठवणारं. यशू आतमधे कुरकुरली म्हणून ती आली आणि तिनं मुलीच्या कपाळाला हात लावला.

"आत्या! अंग तापलंय हिचं!"

"काय सांगतीस?"

"चटका बसतोय. मी रिक्षाला फोन लावते, फलटणला दाखवून आणू. रात्री खिडकी उघडी राहिली. माझ्याच लक्षात आलं नाही."

चंद्राबाई चुलीपासनं, म्हणजे आता गॅसपासनं, उठून आल्या. त्यांनी यशूच्या कपाळाला हात लावला, मानेला लावला, पोटाला लावला. मग अक्षताचा हात धरला.

"तुझा हात बघ की गं बया. बरफ झालाय. त्या हातानं धोंड्याला शिवलीस तरी धोंडा तापल्यावानी वाटंल. पोरीला काय बी न्हाई."

अक्षतानं थर्मामीटर लावलंच, ती काही तशी सोडणाऱ्यातली नव्हे. ताप नव्हता. यशू खुशाल पाय तोंडात घालायला बघत होती.

अक्षता आपल्या लाल झालेल्या हाताकडं बघत बसली. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या पाठीतून निघालेल्या नेटच्या वायरीकडं बघितलं आणि तिच्यावर नजर ठेवून चालायला लागली. वायर कोठीवरून ओसरीत, ओसरीतल्या नेटच्या खोक्यात, तिथून खिडकीतून बाहेर, अंगणातल्या लोखंडी नळीवर आणि तिथून रस्ता ओलांडून पलीकडच्या खांबावर. मध्येच झोळी पडलेली. आमच्याकडं केबल अशाच लोंबतात, कुणी मान वर करून बघत नाही.

तेवढ्यात गाणी लावलेला ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, ऊस शिगेच्या वर भरलेला. कारखान्याकडं निघालेला. उसाची वाढी, म्हणजे वरचे शेंडे, केबलला घासली, केबल ताणली, झोका घेऊन परत आली. आणि माझे डोळे मिटले.

मी एकदा विचारलं. दोनदा विचारलं. तीनदा विचारलं. आणि सिमवरून ओरडलो.

अक्षता रस्त्याच्या कडेला उभी होती, हातात मोबाइल, मोबाइलमधे कारखान्याचा भोंगा. ती हसायला लागली. अशी, की ट्रॅक्टरवाल्यानं मान वळवून बघितलं.

"ही का हसतीया?" चंद्राबाईंनी आप्पासाहेबांना विचारलं.

"डबीनं वेड लावलं," आप्पासाहेब म्हणाले.

तर गोम अशी होती. बघायची वायर एक आणि ओरडायचं सिम दुसरं. डोळे गेले तरी तोंड शाबूत. जायचं ते नुसतं घरचं नेट, मिरजेला त्याचा पत्ताही नाही. अक्षताला हे कधी कळलं नाही, कारण ती बसते मधल्या खोलीत, जाड भिंतीआड. तिथं घरचं नेट पोचत नाही, म्हणून ती मोबाइलच्याच नेटवर काम करते. तिला मिरज कायम दिसत होती. मला दिसत नव्हती. आणि मला दिसत नाही म्हणजे मिरज नाही, असं मी खुशाल ठरवत होतो. आप मेला, जग बुडाला. डबीचा गर्व म्हणतात तो हा.

त्या दिवसापासून माझ्या एकट्याच्या शब्दाला किंमत राहिली नाही.

अक्षतानं माझे दोन भाऊ केले. एक सांगलीत, धैर्यशीलच्या टेबलाखाली ठेवला. दुसरा मुंबईत भाड्यानं घेतलेल्या एका संगणकात. त्याला तर अंगसुद्धा नाही. तिघांनी आपापल्या जागेवरून मिरजेचं दार वाजवायचं आणि वेळा उघडतात का तेही बघायचं. तिघांपैकी दोघांनी 'बंद' म्हटलं, तरच भोंगा. आणि प्रत्येकानं आधी दुसरी तीनचार ओळखीची दारं वाजवून बघायची. तीही सगळी बंद दिसली तर समजायचं, जग झोपलेलं नाही, डोळे आपले मिटलेत. मग ओरडायचं नाही, खालच्या आवाजात 'मला दिसत नाही' एवढंच कळवायचं. आणि राखीव सर्व्हरवर रात्रीची एकच नक्कल न ठेवता दिवसभर थोड्याथोड्या वेळानं ताजी नक्कल जाईल, असंही तिनं केलं.

मग तिनं धैर्यशीलला आणि दीपमालाताईंना विनंती केली, की आता आवाज चालू करा.

"करतो करतो," धैर्यशील म्हणाला.

"करते की," दीपमालाताई म्हणाल्या.

दोघांनीही केला नाही. अक्षतालाही ते ठाऊक होतं. एकदा उठलेला विश्वास 'करतो'वर परत बसत नाही.

महिना सरत आला. ट्रॉल्या जात होत्या, माझे डोळे मिटत होते, मी 'मला दिसत नाही' म्हणून गप्प बसत होतो. घर शांत झालं. अक्षताला त्या शांततेचीही भीती वाटायला लागली. आपण संतरीला शहाणा केला की मुका? दिवसातून कितीदा तरी ती मोबाइलवर मिरज उघडून बघायची. मग स्वतःलाच हसायची आणि मग पुन्हा बघायची.

आणि एका दुपारी ट्रॉलीनं केबल नुसती घासली नाही. तोडली.

"ए बाबा!" आप्पासाहेब अंगणातून ओरडले. "केबल घिऊन चाललास की कारखान्याला! तिचा बी भाव लावणार हायंत का?"

"आवं आप्पा, तुमीच एवढी खाली बांधलीया!" ट्रॅक्टरवाला वरून म्हणाला. "माझा ऊस काय वाकून जाईल व्हय?"

तुटकी केबल अंगणात पसरली. मी माझ्या नियमानं 'मला दिसत नाही' म्हटलं आणि गप्प झालो. त्यानंतर थोड्याच वेळात अक्षताच्या मोबाइलवर भोंगा वाजला.

आप्पासाहेब तडक माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "आलं का परत भूत अंगात? केबल तुटली हाय, तुला कळत न्हाई?"

"मामा, थांबा. तो बोललेला नाही." अक्षता मोबाइल वाचत होती. फलटण: दिसत नाही. सांगली: बंद. मुंबई: बंद.

तिनं मोबाइलवर मिरज उघडली. वरची पाटी दिसली, केंद्राचं नाव दिसलं आणि खाली, जिथं वेळा असायच्या, तिथं नुसतं चाक गोल गोल फिरत राहिलं. तिनं धैर्यशीलला फोन लावला.

"दादा, मिरज पडलीय."

"ट्रॉली गेली असंल तुमच्याकडं."

"गेलीच आहे. केबल अंगणात पडलीय."

"मग झालं की! अगं, सांगून सांगून…"

"दादा, हाक इथली नाही." तिनं त्याला मधेच तोडलं. "इथला गप्प आहे. सांगलीचा आणि मुंबईचा दोघं बंद म्हणतायत. सांगलीचा तुमच्याच टेबलाखाली आहे. तुमच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा ना."

फोनमधे खुर्ची सरकल्याचा आणि कळा दाबल्याचा आवाज आला.

"आयला," धैर्यशील म्हणाला. "न्हाई गं उघडत वेळा."

"मी राखीवकडं वळवू?"

"बघ बाई. मागच्या वेळंला वळवलंस तर काय झालं ते…" आणि वाक्य त्यानं तसंच ठेवलं.

वाक्य अर्धवट सोडून देणं ही माणसांची फार सोयीची सवय आहे. उरलेलं ऐकणाऱ्यानं पुरं करायचं. अक्षतानं पुरं केलं असणार, कारण तिचं बोट बटणाच्या वर थांबलं. खाली यशू तिच्या ओढणीचं टोक चोखत होती. केंद्रानं त्या दुपारी पुन्हा उद्याच्या वेळा बदलल्या होत्या. अर्ध्या माणसांना दुसऱ्या दिवशी यायचंच नव्हतं. थोड्या वेळात गावोगावी मोबाइल उघडणार होते.

तिनं बटण दाबलं नाही. आधी राखीव सर्व्हर नुसता उघडून बघितला. शेवटची नक्कल मघाचीच. बदललेल्या वेळा त्यात होत्या. तिनं एकदा वाचल्या. यावेळी दुसऱ्यांदा वाचल्या नाहीत. बटण दाबलं.

मग दीपमालाताईंना फोन. "ताई, मुख्य सर्व्हर पडलाय. राखीववर नेलंय. उद्याच्या वेळा तुम्ही लावल्यात तशाच दिसतात का, जरा बघता?"

"आता आणि काय?… थांबा. दिसत्यात. व्हय, बदललेल्याच हायंत." मग जरा दम घेऊन, "ते जतचं म्हातारं उद्याला न्हाई, परवा हाय. तेबी बराबर आलंय. बरं झालं बाई. त्याला परत बाकावर बसवायचं माझ्या जिवावर आलं असतं."

संध्याकाळपर्यंत धैर्यशीलनं मुख्य सर्व्हर उभा केला. त्यात जागाच उरली नव्हती, वेळा लिहायच्या कुठं म्हणून तो अडून बसला होता. रात्रीच्या स्वयंपाकाच्या आधी त्याचा फोन आला.

"अक्षता, मिरज तुझ्याकडंच राहू दे. साईराजला मी दुसरं काहीतरी देतो."

"बरं, दादा."

"आणि तो आवाज… मी बंद ठेवला होता. आत्ता चालू केलाय."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग बोलली न्हाईस ती!"

"खरी हाक येईपर्यंत बोलून काय उपयोग होता, दादा?"

तिकडं तो हसला. फोन ठेवल्यावर ती मात्र हसली नाही. पाटावर बसली, यशूला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तिच्या टाळूवर हनुवटी टेकून राहिली. चंद्राबाईंनी विचारलं, "रडतीस का गं?" तर म्हणाली, "नाही आत्या, भूक लागलीय." रडू आणि भूक, दोन्ही खरं होतं.

आता माझं. ज्या दिवशी आमची व्यवस्था खरी उतरली, त्या दिवशी मी आंधळा होतो. अख्ख्या प्रसंगात माझं एकच वाक्य, 'मला दिसत नाही', आणि तेवढं मात्र बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात धैर्यशील म्हणाला, की तिसरा राखणदार चांगल्या जागी असावा, फलटणचा काढून पुण्याला ठेवू. अक्षतानं विचार केला आणि हो म्हणाली. मला त्यात अन्याय दिसत नाही. साक्षीदार प्रामाणिक असून भागत नाही, त्याला दिसतही असावं लागतं.

"मग संतरीला पेन्शन?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"असू दे मामा तिथंच. घरचं नेट आहे की गेलं, एवढं सांगेल."

"म्हंजी घराची राखण. बढती न्हाई, पर बदली जवळची मिळाली बघ तुला," असं ते मला म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

म्हणून मी अजून कोठीवर आहे. ऊस सरत आलाय, ट्रॉल्या कमी झाल्यात. केबल पुन्हा तेवढीच खाली बांधलेली आहे, कारण बांधणारा म्हणाला, पुढच्या हंगामाचं पुढं बघू. यशू आता रांगते, धरून उभी राहते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, कचेरीत, दवाखान्यात माझ्यासारखा एखादा ओरडणारा असेल तर एवढंच सांगणं, की तो ओरडला म्हणून त्याचं तोंड बांधू नका, आणि तो ओरडला म्हणून लगेच धावूही नका. तो कुठं बसून बघतोय ते एकदा जाऊन बघा. शेजारच्याला काय दिसतंय ते विचारा. आमच्यात खोटारडे फार थोडे असतात. चुकीच्या जागी बसवलेले पुष्कळ असतात.

काल दुपारी यशूनं कोठीला धरून, टाचा उंचावून, माझी विजेची वायर पकडली आणि सगळ्या जोरानं ओढली. माझा दिवा विझला. घरात कुठंच भोंगा वाजला नाही, कुणाच्या हातातलं दूध सांडलं नाही, सांगलीत कुणी खुर्चीतून उठलं नाही. अक्षता मधल्या खोलीत काम करत होती, ती करत राहिली. मी बऱ्याच वेळानं पुन्हा चालू झालो, तेव्हा कळलं, की मिरजेत सगळ्यांना आपापल्या वेळेला मशीन मिळालं होतं.